कणगीतले दाणे आणि बाळाची वाटी
(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या भावावर बोलणे झाले. ते व्हायलाच पाहिजे. आता आम्ही बोलणार आहोत ते वाटीभर खिमटीबद्दल. काही भाऊ तंबाखू मळत उठायच्या बेतात दिसतात. त्यांना विनंती, बसा. हा विषय बायकांचा नाही. हा हिशेबाचा विषय आहे आणि हिशेब आपण सगळेच करतो.

हिशेबाची पहिली ओळ अशी. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंब आरोग्याची पाचवी पाहणी केली. तिच्यात आपल्या महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या शंभर मुलांत जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी. सहा महिने ते दोन वर्षे या वयात ज्यांना पुरेसे आणि नीट अन्न मिळते अशी मुले सगळ्या देशात शंभरात जेमतेम ११.

ही सगळी मुले काही उपाशी घरातली नाहीत. ज्या घरात ज्वारीची कणगी आहे, तुरीचे पोते आहे, त्या घरातलीही त्यात आहेत. धान्य पिकवणाऱ्याचे मूल खुजे राहते, हे कसे होते? याचा शोध घेतला पाहिजे.

सहा महिने ते दोन वर्षे

पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरते. पाणीसुद्धा लागत नाही. पूर्वी चौथ्या महिन्यापासून वरचे द्या असे सांगत. आता तसे नाही. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पुऱ्या सहा महिन्यांचा आहे.

सहा महिने पुरे झाले की मात्र एक दिवस थांबू नये. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा तेव्हा संपत येतो आणि एकट्या दुधावर वाढ भागत नाही. दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचे, जोडीला घरचे अन्न द्यायचे. या दीड वर्षात खुंटलेली वाढ पुढे भरून निघणे फार अवघड. मृगात पेरणी चुकली तर दिवाळीत खत टाकून उपयोग नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता या दीड वर्षात आपल्या घरात काय होते ते पाहा. कापूस वेचणीचे दिवस असतात. वेचणीची मजुरी किलोवर. जितकी वेचणी तितके पैसे, म्हणून आई उजाडताच पऱ्हाटीत जाते आणि दिवस कलता परत येते. घरी म्हातारी असते, नाहीतर सात-आठ वर्षांची बहीण. बाळ रडले की हाताशी असेल ते देतात, म्हणजे चहात बुडवलेला बिस्किटाचा पुडा. त्या चहाने अन्नातले उरलेसुरले लोहही अंगी लागत नाही. नाहीतर वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज. बाळाचे पोट भरते, बाळ झोपते आणि सगळ्यांना वाटते, खाऊन झोपले.

पातळ पेजेचा हिशेब

इथे खरी मेख आहे. सात-आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी पाव लिटरच्या आतच मावते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० उष्मांक लागतात, म्हणजे डॉक्टर ज्याला कॅलरी म्हणतात ते. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३००, वर्ष ते दोन वर्षांच्या बाळाला ५५०.

वाटीभर पाण्यात चमचाभर पीठ शिजवले, तर त्या वाटीत साधारण ४० उष्मांक. म्हणजे २०० भरायला अशा पाच वाट्या पाहिजेत. बाळ दोन वाट्यांवर तोंड फिरवते. त्याचे पोट पाण्याने भरलेले असते.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. बाळाचे अन्न घट्ट हवे. चमचा आडवा केला तरी ओघळणार नाही इतके घट्ट. वरणाचे पाणी देऊ नका, वरण घोटून द्या. भाताची पेज देऊ नका, भात कुस्करून द्या. आणि त्यात तेल घाला. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ उष्मांक, आणि पोटात जागा काही लागत नाही. बाळाला तेल बाधते हा समज सोडून द्या.

डबा आणि सातू

दुसरे काही भाऊ बिस्किटाच्या पुढे जातात. कापसाचे पैसे आले की तालुक्याच्या दुकानातून बाळाच्या अन्नाचा डबा आणतात. लेकराच्या मायेपोटीच आणतात, त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. पण डब्यावरची किंमत आणि वजन वाचून भागाकार करा. तीनशे ग्रॅमचा डबा समजा २७० रुपयांना पडला, तर किलो ९०० रुपये झाले. मग डब्यामागचा बारीक मजकूर वाचा. बहुतेक डब्यांत गहू किंवा तांदूळ, दुधाची भुकटी, साखर, तेल आणि वरून घातलेली जीवनसत्त्वे व लोह. आपला गहू किलोला काय भावाने जातो ते तुम्हाला पाठ आहे.

एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेने तपासणी करून दाखवले, की युरोपात साखर न घालता विकला जाणारा एका बड्या कंपनीचा शिशुआहार आपल्या देशात साखर घालून विकला जात होता. इंडिया आणि भारत असा भेद आपण या व्यासपीठावरून मांडत आलो. तो आता लेकराच्या वाटीतही दिसला. डब्याच्या जाहिरातींना आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने लगाम घातला. २००३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या कोणत्याही अन्नाची जाहिरात करायला बंदी आली. तरीही गोष्ट तोंडातोंडी पसरते, कारण आपल्यालाच वाटते की डब्यातले ते चांगले आणि घरातले ते गावंढळ.

या गावंढळाची गोष्ट ऐका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी एक मिश्रण तयार केले. त्याला 'हैदराबाद मिक्स' म्हणतात आणि ते डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात आहे. भाजलेला गहू ४० ग्रॅम, हरभरा १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम, गूळ २० ग्रॅम. त्यातून ३३० उष्मांक आणि ११ ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिने मिळतात.

आता आपल्या आज्यांना विचारा, गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळले की काय होते? सातूचे पीठ. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जे केले ते आपल्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या होत होते. शेंगदाणा तेवढा वाढला. आज त्यातला गूळ मात्र आम्ही काढायला सांगतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वरून गूळ-साखर घालू नये असे आता सगळे सांगतात. वर्षाच्या आत मीठही वरून घालू नये आणि मध तर चाटवूसुद्धा नये. मधातून वर्षाखालच्या बाळाला जिवावरची विषबाधा होऊ शकते.

आपल्या शिवारातले पीठ

आपले शिवार ज्वारीचे. म्हणून ज्वारीचे पीठ सांगतो. प्रमाण किलोचे.

ज्वारी ६०० ग्रॅम. तिच्या लाह्या फोडा, लाह्या कशा फोडायच्या ते नागपंचमी करणाऱ्या बायांना सांगायला नको. लाह्या जमल्या नाहीत तर ज्वारी मंद आचेवर खमंग भाजा. मूग २५० ग्रॅम. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून बारीक मोड आणा, उन्हात कडकडीत वाळवा आणि भाजा. मोडाने मूग पचायला हलका होतो आणि त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. शेंगदाणे १५० ग्रॅम. भाजून, साल काढून घ्या. आधी ज्वारी आणि मूग एकत्र बारीक दळून चाळा. शेंगदाण्याचे बारीक कूट वेगळे करून मिसळा, म्हणजे जाते किंवा गिरणी तेलकट होत नाही.

पीठ कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि एका वेळी महिन्यापुरतेच करा. शेंगदाण्यामुळे ते पुढे खवट होते.

खर्च मांडू. २०२५-२६ च्या खरिपासाठी सरकारने जाहीर केलेले हमीभाव धरले, तर संकरित ज्वारी क्विंटलला ३,६९९ रुपये, मूग ८,७६८ आणि भुईमूग शेंगा ७,२६३. हे भाव बाजारात मिळतात का, ते सकाळच्या भाषणांत आले आहे. या भावाने वरच्या किलोभर पिठात ज्वारीचे २२ रुपये, मुगाचे २२ आणि शेंगदाण्याचे शेंगांच्या हिशेबाने १६ रुपये. म्हणजे साठ रुपये किलो. दळणाई वेगळी. नऊशे आणि साठ, मधला फरक कोणाच्या खिशात जातो ते तुम्हीच पाहा.

आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साठ ग्रॅम पीठ आणि चमचाभर तेल पुरते. त्यात २५० च्या वर उष्मांक आणि नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. खर्च दिवसाला साडेचार रुपये. चहा आणि बिस्किटाच्या पुड्याला याहून जास्त लागतात.

शिजवायची रीत सोपी. पोह्याचे दोन शीग लावलेले चमचे पीठ थंड पाण्यात कालवा, अर्धी-पाऊण वाटी पाण्यात पाच-सात मिनिटे ढवळत शिजवा. वरून तेल. दूध असेल तर पाण्याऐवजी दूध. असे दिवसातून तीन वेळा. सुरुवातीला दोन-तीन चमचेच द्या आणि हळूहळू वाढवा. नवव्या महिन्यापासून अन्न फार गुळगुळीत करू नका, बाळाला हातात धरून खाऊ द्या. वर्षाचे झाले की तिखट टाकण्याआधी घरच्याच भाजी-भाकरीतले त्याचे बाजूला काढा आणि भाकरी वरणात मऊ कुस्करून द्या.

एवढ्यावर भागत नाही

डब्यावाल्याची एक बाजू खरी आहे, ती लपवणार नाही. डब्यात लोह वरून घातलेले असते. आपल्या पिठातले लोह बाळाच्या अंगी थोडेच लागते. म्हणून नुसत्या पिठावर थांबू नका. शिजवून कुस्करलेले अंडे सहा महिन्यांनंतर चालते. खाणाऱ्या घरात कलेजी, मांस, मासळी बारीक करून द्या. न खाणाऱ्यांनी पालेभाजी, शेवग्याचा पाला, मोडाची उसळ घोटून द्या आणि वर लिंबाचे चार थेंब पिळा. आंबट फळाने धान्यातले लोह अंगी लागते. लाल भोपळा, पपई, गाजर, आंबा यांतून डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व मिळते. अंगणवाडी ताई किंवा आशा ताई लोहाचे औषध देतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर द्यायचे असते. ते घ्या. अंगणवाडीचे आहाराचे पाकीटही घ्या आणि बाळालाच द्या, म्हशीला नको.

आता आपल्याच शिवारातले काही धोके, जे शहरातल्या पुस्तकात नसतात.

एक, ज्वारीला मोड आणून तिचे पीठ बाळाला देऊ नका. कोवळी ज्वारी, खोडव्याचे फुटवे खाऊन जनावर तडफडून मरते हे आपण पाहिले आहे. तेच विष ज्वारीच्या कोवळ्या मोडात आणि मुळ्यांत असते. मोड आणायचे तर मूग, मटकी, गहू किंवा नाचणीला आणा. मोडाच्या गव्हाचे पीठ एका कामाला फार चांगले. गहू मोड आणून, वाळवून, अगदी हलका भाजून, मुळ्या चोळून काढून दळा. शिजलेल्या घट्ट खिमटीत हे पीठ अर्धा चमचा टाकून ढवळले की ती चार-पाच मिनिटांत सैल होते, पाणी न वाढवता. मग एक उकळी आणा. घट्ट खिमट गिळत नाही अशा बाळाला याने पुरते अन्न जाते. याचा अभ्यास बडोद्याच्या विद्यापीठात आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत झालेला आहे.

दोन, पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी बाळाच्या वाटीत नको. ती कमी भावाने जाते म्हणून घरी खायला ठेवण्याची आपल्याला सवय आहे. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या गावांत भिजलेली, बुरशी चढलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसांना पोटदुखी आणि हगवण लागली होती. तपासणीत बुरशीचे विष सापडले. शेंगदाण्याचेही तसेच. कुजका, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा भाजून शुद्ध होत नाही. आणि अख्खा शेंगदाणा लहान मुलाला कधी देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो.

तीन, सोयाबीन. घरात पडलेले असते म्हणून ते कच्चेच दळून मिसळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो. तो भिजवून चांगले उकळल्याशिवाय जात नाही. एवढा खटाटोप जमणार नसेल तर मूग बरा.

चार, फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसे गेली. ते विष घरातही येते. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पीठ ठेवायचे नाही. फवारणी करून आलेल्याने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला घ्यायचे नाही, भरवायचे नाही. भरवणाऱ्याने प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे. पाणी उकळलेले. वाटी-चमचा वापरा, बाटली नको. शिजवलेले अन्न उन्हाळ्यात दोन तासांवर ठेवू नका.

आणि एक सूचना. बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर घरच्या पिठावर विसंबू नका. त्याला दवाखाना पाहिजे, त्याच दिवशी. हगवण लागली तर अन्न तोडू नका. जलसंजीवनी द्या, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या, दूध आणि खिमट चालू ठेवा. बरे झाल्यावर दोन आठवडे दिवसाला एक खाणे जास्त द्या.

भरवायचे कोणी?

हे सगळे ऐकून एखादी बहीण मनात म्हणेल, सांगायला काय जाते, करायला वेळ कुठे? तिचे बरोबर आहे. पीठ भाजून ठेवले तर शिजवायला सात मिनिटे लागतात. पण भरवायला अर्धा तास लागतो आणि तोही दिवसातून तीन वेळा. पहाटे पाणी भरणारी, भाकऱ्या थापणारी, दिवसभर वेचणारी बाई हा दीड तास कुठून आणणार?

म्हणून भावांनो, तुम्हाला बसवून ठेवले. औताला बैल जुंपता येतो, मोटार दुरुस्त करता येते, तर खिमट ढवळता येईल. वेचणीच्या हंगामात दुपारचे एक खाणे बापाने किंवा आजोबाने भरवायचे. एका शिवारात आठ-दहा बाया वेचत असतील तर त्यांतली एक जण आळीपाळीने सावलीत लेकरांजवळ राहील आणि तिची मजुरी बाकीच्या वाटून देतील. ज्याचा कापूस आहे त्यानेही त्यात वाटा उचलायला हरकत नसावी.

आणि दुसरे पेरणीचे. शरद जोशींनी १९९१ साली शेगावला चतुरंग शेती मांडली, तिच्यात माजघर शेती हे एक अंग होते. माल कच्चा विकायचा आणि पक्का विकत आणायचा, या व्यवहारात आपण नागवले जातो, घरात प्रक्रिया करा, एवढाच तिचा साधा अर्थ. आज शिवारात पऱ्हाटी आणि सोयाबीन एवढेच उरले. मुगाचे तास गेले, कणगी रिकामी झाली. पूर्वी कणगीतला दाणा काढायला बाईला कोणाला विचारावे लागत नव्हते. आता मूठभर मुगासाठीही तिला नवऱ्याच्या खिशाकडे पाहावे लागते. नगदी पीक घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. काय पेरायचे हे शेतकऱ्यानेच ठरवायचे. पण मुगाची आणि तुरीची चार तासे, भुईमुगाचा एक तुकडा, धुऱ्यावर दोन शेवगे आणि वर्षाची ज्वारी हे बाईच्या हातात राहू द्या. त्याचा भाव बाजार समितीच्या फळ्यावर लागत नाही, पण तो लेकराच्या उंचीत दिसतो.

कोणी म्हणेल, भाव मागायचा सोडून ही खिमटीची गोष्ट कशाला? भाव आपण मागणारच. घामाचे दाम मिळाले की घरात दूध येईल, अंडी येतील, बाईला वेचणीच्या मागे दिवसभर धावावे लागणार नाही. पण भाव मिळेपर्यंत आठ महिन्यांचे लेकरू थांबत नाही. त्याचे दीड वर्ष आजपासून मोजले जाते.

म्हणून येथून जाताना गावागावांत तीन कामे करायची. दोन वर्षांखालच्या लेकरांची यादी करा आणि अंगणवाडीत त्यांचे वजन आणि दंडाचा घेर मोजून घ्या. महिन्याच्या एका ठरल्या दिवशी बायांनी एकत्र बसून भट्टी लावा, लाह्या फोडा आणि सगळ्यांचे पीठ एकदम करा, सरपणही वाचेल. आणि पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने सांगायचे, किती लेकरे होती आणि किती जणांचे वजन वाढले. कापसाचे क्विंटल आपण मोजतो. हेही मोजू.